निकमकाका उलटी बाजू बघतात

निकमकाका पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा त्यांनी भरलेला कप बशीसकट डोक्याच्या वर नेला आणि खालून बघितला. मला वाटलं, मान लचकली असेल. चहाचा थेंब सांडला नाही, इतकी सवय.

"कप एका सेटचा, बशी दुसऱ्या सेटची," ते म्हणाले आणि मग शांतपणे चहा प्यायले.

माझा स्वभाव संशयी नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण पाहुणा बशीच्या बुडाखाली काय शोधतोय, हा प्रश्न कुणालाही पडेल. काका सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला प्रत्येक जॉब त्यांच्या टेबलावर यायचा, ते उलटून बघायचे आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचे. "पुढून समदं चांगलंच दिसतं. उलटी बाजू दाखवा," हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याकडे वांगी उलटून बघणार, लग्नाची पत्रिका आली की आधी मागचं पान. पोळीसुद्धा शकूकाकूंनी तव्यावर एकदा उलटलेली असायची, हे ताटात पुन्हा उलटायचे. सोसायटीचा गणपती आणला तेव्हा सगळे आरतीला पुढे उभे आणि काका मूर्तीच्या मागे. "पाठीला रंगाचा एकच हात दिलाय," तिथून आवाज आला.

"काका, पाठ कोण बघतंय?" आमचे चेअरमन बोरसे वैतागून म्हणाले.

"मी बघतोय ना."

असा माणूस रिटायर झाला की शेजाऱ्यांनी सावध राहावं. महिनाभर सगळं शांत होतं. मग एके दिवशी काका पिशवी घेऊन दारात. "वर्षा, कांद्याची सालं टाकत जाऊ नको. मला ठेव."

देवळ्याचा माणूस. घरचं कांद्याचं शेत, भाऊ दर वर्षी गोणी आणून टाकतो. आणि हा माझ्याकडे सालं मागतोय? "घरची नाहीत का, काका?"

"हायेत. पण एकाच वाणाची. मला मिसळ नको, वेगवेगळी पाहिजेत." आणि पिशवीवर स्केचपेनने लिहिलं, 'वर्षा, दुसरा मजला.'

पुढच्या आठवड्यात डाळिंबाची सालं. मग हिरडे. मग तुरटी, तीही किलोने. गच्चीवर झाकण लावलेला एक माठ आला. त्यात गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी. चार दिवसांत जिन्यात असा काही वास सुटला की बिल्डिंगीतल्या सगळ्या जाणत्या पुरुषांनी मान हलवली. गूळ सडतोय म्हणजे एकच. हातभट्टी.

बोरसे कमिटी घेऊन गच्चीवर गेले. मीही गेले, वाळवण बघायला.

"काका, हे काय चालवलंय?"

"अजून मुरायचंय. पंधरा दिवस तरी लागतील."

बोरसेंनी मागे वळून बघितलं, मग आवाज खाली आणून विचारलं, "कडक होते का?"

"लोखंड हाय त्यात," काका म्हणाले. "तुम्हाला काय वाटलं?" त्यांनी हिरड्याच्या पाण्यात भिजवलेली पांढरी चिंधी माठात बुडवली. बाहेर काढली ती काळीकुट्ट. कमिटी मागे सरकली. जुन्या काळी कापड असंच काळं रंगवायचे म्हणे. एक शिंतोडा बोरसेंच्या पांढऱ्या पँटवर उडाला, तो गंजाचा डाग अजून गेलेला नाही.

तरी संशय मिटला नाही, कारण आता जळक्या केसांचा वास यायला लागला. तळमजल्यावरच्या एका बाईंनी दारावर लिंबू-मिरची बांधली. त्यांचं म्हणणं, ही करणी. प्रत्यक्षात काका पणतीवर धागे जाळत होते. रेशीम जळालं की केसांसारखा वास येतो आणि बोटात चुरलं की राख होते. खोटं असलं की वितळून कडक मणी होतो. हे ज्ञान त्यांनी मला माझ्याच लग्नातल्या शालूच्या एका धाग्यावर दिलं. मी हौसेने धागा ओढून दिला. मणी झाला.

"पॉलिस्टर," काका म्हणाले.

"काका, सासूबाईंनी घेतला होता हो."

"मग सासूबाईंना सांग."

सासूबाई गेल्याला सहा वर्षं झाली होती. मी चार दिवस काकांशी बोलले नाही. त्यांच्या गावीही नव्हतं. खोटं ते खोटं, त्यात रागवायचं काय, असा त्यांचा चेहरा. दुपारी दारात खुर्ची टाकून ते टकळीवर सूत कातायचे आणि दर हातभर सुताची जाडी कारखान्यातल्या मायक्रोमीटरने मोजायचे. जाड-बारीक आलं की देवळ्याची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे? हाई काय शे?" स्वतःलाच ओरडायचे आणि सूत रिजेक्टच्या डब्यात. तो डबा कायम भरलेला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण दर गुरुवारी काका सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला लागले. संध्याकाळी परत. कुठे गेला होता विचारलं तर "काम होतं." रिटायर माणसाला, दर गुरुवारी, इस्त्रीचं काम?

एका शुक्रवारी शकूकाकूच माझ्याकडे आल्या. या बाईने सबंध संसारात नवऱ्याविषयी एक वाकडा शब्द काढला नव्हता. पदरात काहीतरी बांधून आणलं होतं. गाठ सोडली, तर लालभडक रेशमाचा एक धागा.

"यांच्या शर्टाला होता," त्या म्हणाल्या. "मागच्या गुरुवारी हिरवा होता."

"काकू, अहो, ते रंग-बिंग करतात ना, त्यातला असेल."

"ते सुतावर करतात. हे रेशीम आहे. आणि खिशात येवल्याचं तिकीट होतं." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझी मावशी येवल्याला असते ना गं?"

माझा स्वभाव संशयी नाही. पण पुढच्या गुरुवारी मी मावशीला भेटायला निघाले. काकांची एसटी गेल्यावर पुढची पकडली आणि विंचूर येईपर्यंत मनात त्या बाईचं चित्र तयार केलं. लाल साडी, हिरव्या बांगड्या.

येवल्यात निकम साहेबांना सगळे ओळखत होते. मावशीच्या गल्लीतल्या किराणावाल्याने बोट दाखवलं, "ते उलटंसुलटं बघणारे? ताराबाईंच्या मागावर बसलेत." मागावर म्हणजे काय, हे दार ढकलल्यावर कळलं. खाली खड्ड्यात पाय सोडून काका हातमागावर बसले होते. समोर उभे ताणलेले लाल रेशमी धागे, हातात हिरव्या धाग्याची छोटी कांडी. शेजारी सत्तरीच्या ताराबाई, चष्मा कपाळावर, हातात लाकडी पट्टी.

"सोडा," त्या म्हणत होत्या. "अवं सायेब, राघूची चोच हाय का कोयता? सोडा परत."

आणि ज्यांनी सातपूरच्या शेकडो कामगारांना रिवर्क करायला लावलं, ते निकमकाका मान खाली घालून चोच उसवत होते. चार महिन्यांत एक राघू. तोही अर्धा.

मला बघून ते दचकले नाहीत. "शकूने पाठवलं?" एवढंच विचारलं.

मग त्यांनी सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी, प्रमोशन झालं त्या आठवड्यात, कंपनीच्या गेटसमोर गाठोडं सोडून बसलेल्या एका माणसाकडून त्यांनी काकूंसाठी पैठणी घेतली. जांभळी, पदरावर मोर. शिफ्ट सुटली होती, बस उभी होती, मन हरखलं होतं. घडी उलगडली, पुढून बघितली, घेतली.

"उलटी बाजू नाय बघितली," काका म्हणाले. "आयुष्यात एकदाच."

काकूंनी ती दोनदा नेसली. मग विमलच्या, म्हणजे काकांच्या बहिणीच्या, वास्तुशांतीला विमल सगळ्यांसमोर म्हणाली, वहिनी, ही यंत्रावरची वाटते गं, दादाला कुणीतरी गंडवलं. त्या दिवसापासून पैठणी कपाटात गेली आणि किल्ली काकूंच्या कमरेला. किती लग्नं झाली, मुंजी झाल्या, काकू साध्या सिल्कमध्ये.

"पण काका, ताराबाईंना दाखवा की! एका मिनिटात सांगतील."

"यांनी का सांगायचं? पास मी केली होती. तपासणार मीच." त्यांनी कांडी खाली ठेवली. "मी लेथवर दोन वर्षं काढली, मग इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसलो. जे आपल्याला बनवता येत नाय ते तपासायचं कोणत्या तोंडाने? म्हणून पहिल्या ऑपरेशनपासून शिकलो. सूत, रंग, विणकाम. पुढच्या महिन्यात विमलच्या पोरीचं लग्न हाय. पैठणी खरी निघाली तर शकू ती नेसून जाईल, विमलच्या नाकासमोरून."

"आणि खोटी निघाली तर?"

"तर रिजेक्ट," काका म्हणाले. "मी खोटा माल पास केलेला नाय." हे म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला आणि मला माझ्या शालूचा मणी आठवला. तसा मणी काकूंच्या हातावर ठेवणार हा माणूस! मला त्यांचा राग आला आणि दयाही.

काकूंना मी खरं ते सांगितलं, अर्धं. "मागावर बसतात. विणकाम शिकतात. म्हातारी शिकवते, फार ओरडते." काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. "माग कशाला?" एवढंच पुटपुटल्या. हे सगळं पैठणीसाठी चाललंय, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, असं आता वाटतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी मला हाक मारली. पदर धरायला दुसरं माणूस हवं होतं. पलंगावर पांढरी चादर, खिडकी उघडी, काकांनी दोनदा साबणाने हात धुतलेले. काकूंनी कमरेची किल्ली काढून दिली आणि दाराशी उभ्या राहिल्या. कपाटातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला. पैठणी पुढून अजून सुंदर होती. चार मोर, मान वळवलेले.

काकांनी चष्मा पुसला. पदराचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. आणि उलटला.

खऱ्या पैठणीचा मोर मागूनही मोरच असतो, एवढं तर मलाही ठाऊक आहे. इथे मागे मोर नव्हता. कापलेल्या धाग्यांची नुसती दाढी होती. लांबून दिसावी इतकी. तपासायला ना भिंग लागलं असतं, ना चार महिने.

काका बघत राहिले. बोटाने एक धागा हलवला. मी काकूंकडे बघायची हिंमत केली नाही. जिन्यात कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता आणि मी मनात म्हणत होते, काका, नका सांगू हो.

काकांनी पदर सुलटा केला, नीट घडीवर घडी घातली आणि पैठणी काकूंच्या हातात दिली.

"पास," ते म्हणाले. "हातमागाची हाय. एक नंबर."

"नीट बघितली ना?" काकूंनी विचारलं.

"दोन्ही बाजूंनी."

लग्नात काकू जांभळ्या पैठणीत आल्या तेव्हा मांडवातल्या बायका वळून बघायला लागल्या. विमलही आली. वरमाईच्या तोऱ्यात नव्हती, मुलीची आई होती, तरी सवय जाते कुठे? "अय्या वहिनी, तीच ना ही? बघू तरी मागून," म्हणत तिने पदराला हात घातला.

काका तीन खुर्च्या ओलांडून आले. "विमल," ते म्हणाले, "मी तपासलीय."

विमलने हात काढून घेतला. ज्या दादाने तिच्या नवऱ्यालाही लग्नाआधी दोन खेपा रिजेक्ट केलं होतं, त्याने पास केलेल्या साडीला ती काय बोलणार? तीस-पस्तीस वर्षं एकही खोटा पास न देता माणसाने जी पत कमावली होती, ती त्याने त्या एका वाक्यात खर्च करून टाकली. मग दिवसभर ते काकूंच्या मागेच उभे राहिले. जेवायलासुद्धा मागच्या पंगतीत बसले, पदरावर नजर ठेवून.

हात धुवायला गेलो तेव्हा नळापाशी काकू आणि मी दोघीच होतो. मला राहवलं नाही. "काकू, साडी किती छान दिसते. उगाच इतकी वर्षं ठेवली."

काकूंनी ओल्या हाताने पदर अलगद सावरला, उलटी बाजू आत जाईल असा.

"अगं, फॉल मीच लावला ना हिला," त्या म्हणाल्या. "फॉल उलट्या बाजूनेच लावतात. आणली त्याच रात्री दिसलं होतं."

मी नळ बंद केला.

"ते इतके आनंदात होते. बसमध्ये उभ्याने पुडकं छातीशी धरून आणलं होतं. कसं सांगू? मग विमल बोलली. वाटलं, आज ही बोलली, उद्या दुसरी कुणी पदर उलटेल आणि यांच्या देखत सांगेल. म्हणून कुलूप लावलं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण सुलट्या बाजूने. "आता त्यांनी स्वतः बघितली म्हणतात. मग खरीच असेल. तू काही बोलू नको हं वर्षा."

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. त्याच भरवशावर, लग्नाला आलेले बोरसे दुसऱ्या दिवशी जिन्यात मला अडवून म्हणाले, "वहिनी, खरं सांगा. ती पैठणी खरी होती का हो? मला तर संशय आहे."

"संशय कसला?" मी म्हटलं. "एक नंबर. हातमागाची. मी स्वतः उलटी बाजू बघितलीय."