खुनी कोण, याबाबतचा अंतिम खुलासा

१९८३ साली कोपरखैरण्याच्या मैदानात तंबू थिएटर लागले आणि त्यात ‘सातवी बाटली’ हा खूनमालिकेचा रहस्यपट आला. ‘साप्ताहिक खाडीदर्शन’चे समीक्षक विलास यांनी तो पदरच्या पैशाने तिकीट काढून पाहिला. विलास तुर्भ्याच्या कारखान्यात दिवसभर पाकिटे चिकटवायचा. सासुरवाडीत त्याला जी काही किंमत होती, ती या छापील सदरामुळेच.

त्याने प्रामाणिकपणे लिहिले: खून सात, दिग्दर्शन ढिसाळ, आणि शेवटी दूधकेंद्रवाला खुनी निघतो हे मुळीच पटत नाही.

दुसऱ्याच दिवशी दूधकेंद्र चालक संघाचे अध्यक्ष भगवान लेटरहेड, शिक्का आणि चार सभासद घेऊन कचेरीत हजर झाले. नगर नवे होते. रस्त्यावर दिवे यायचे होते, पण प्रत्येक धंद्याचा संघ स्थापन झाला होता.

“आमी पहाटे तीनला उठतो,” भगवान म्हणाले. “खुनाला टाइम कुठंय?”

मुद्दा बिनतोड होता. जमिनीच्या पैशातून छापखाना टाकलेले संपादक रावसाहेब विलासला शांतपणे म्हणाले, “सदर टिकवायचं हाय ना? मंग दुसरा कुनी खुनी बघ.”

पुढच्या अंकात चौकट आली: ‘सखोल चौकशीअंती खुनी दूधकेंद्रवाला नसून कंपाउंडर असल्याचे निदर्शनास आले आहे. तसदीबद्दल क्षमस्व.’ लगेच कंपाउंडर संघ आला. कंपाउंडर सुटला, पोस्टमन अडकला. पोस्टमन सुटला, तेव्हा शिवणक्लासच्या वेणूबाई अडकल्या. त्या एकट्याच आल्या, पण कात्री घेऊन आल्या.

आता प्रेक्षक अंक हातात धरून सिनेमा बघू लागले आणि पडद्यावर भलताच खुनी दाखवतात म्हणून पैसे परत मागू लागले. तंबूमालक गोटीरामने कचेरीकडे खुन्याचे नाव लेखी मागितले. ते मिळेना, तेव्हा त्याने शेवटचे रीळ ट्रंकेत घालून कुलूप लावले. सिनेमा आता इन्स्पेक्टरचे बोट वर होताच संपू लागला.

खाडीपलीकडचे मोठे समीक्षक मुद्दाम येऊन बघून गेले. एवढा धाडसी, अनुत्तरित शेवट मराठी पडद्याने पाहिला नव्हता, असे त्यांनी एकमुखाने लिहिले. विलासला मनापासून वाईट वाटले. खरा खुनी फक्त त्याने सांगितला होता आणि माफीही त्यालाच मागावी लागली होती.

रावसाहेबांनी शेवटची संधी दिली. “ज्याचा संघ नाय, त्याला धर.”

विलासने नोंदणीकृत संघांची यादी वरपासून खालपर्यंत तपासली. एकच जमात सुटली होती. त्याने छापले: ‘अंतिम खुलासा. सातही खून या साप्ताहिकाच्या वाचकाने केले आहेत. हरकत असल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे.’

अंक हातोहात खपला. भगवान यांनी तो वाचला, वेणूबाईंनी वाचला, आणि दोघांनाही समोरच्या बिल्डिंगमधला एकेक वाचक नेमका आठवला. आठ दिवसांत एकही हरकत आली नाही आणि विलासचे सदर वाचले.

मुदत नंतर वाढवण्यात आली आहे. आपणही इथवर वाचलेत. आपल्या डोळ्यांसमोर कोण आले, ते तेवढे लेखी कळवावे.