मुरकुटे सरांचे पापड

मुरकुटे सरांविषयी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळा हिंदीतून झाली, मराठी फक्त आईशी बोलण्यापुरती. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. खरं म्हणजे सरांवर पायलदीदीने लिहायला हवं होतं, ती त्यांच्याकडे पीएच.डी. करते. पण ती म्हणाली, "मंग माही थिसीस कोन लिहील, तू?" म्हणून हे धाडस.

सरांना पाण्याचा राग आहे.

लॅबच्या दारात ते स्वतः उभे असतात. "आंघोळ केली?" "हो सर." "केस वाळले?" नसतील वाळले तर बाहेर उन्हात उभं राहायचं. मी पहिल्या दिवशी दुर्गजवळच्या उतई या माझ्या गावाहून सायकलने गेलो होतो. शर्ट पाठीला चिकटलेला. सरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाबू, तू तं अख्खा तालाब घेऊन आला." मग पंख्याखाली बसवलं आणि पापड वाळतो की नाही ते बघावं तसं अधूनमधून येऊन बघून गेले. त्या दिवसापासून माझं नाव "उतई" पडलं, ते आजही तेच आहे.

नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणारी एक पांढरी पुडी असते. आपण ती फेकतो. सर ती मागून घेतात. त्यांच्या खिशात पुड्या, स्कूटरच्या डिक्कीत पुड्या, डब्यात पोळ्यांच्या शेजारी पुड्या. ऑफिसातल्या एका बाबूंच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटात नोटेसोबत एक पुडी घातली होती. बाबूंना वाटलं, काही तोडगा आहे. त्यांनी ती देवघरात ठेवली.

पण सरांचं वेड अगदीच अकारण नाही. ते लिथियम धातूची बॅटरी करतात आणि या धातूला दमट हवाही सहन होत नाही, लगेच काळा पडतो. म्हणून सेल काचेच्या बंद पेटीत बांधतात. पेटीत कोरडा वायू भरलेला, आणि पेटीलाच बसवलेल्या रबरी हातमोज्यांतून हात आत घालून सगळं काम. सर पेटीत हात घालण्यापूर्वी तिला दोन बोटांनी टकटक करतात. दार वाजवल्याशिवाय कोणाच्या घरात शिरू नये, म्हणतात.

अडचण अशी की ही बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की धातूला बारीक काटे फुटतात. काटा पलीकडे पोचला की सेल शॉर्ट. काट्याला अडवणारा आणि तरी विजेचे कण जाऊ देणारा एक पातळ पडदा मधे लागतो. सर मला समजावायचे, "हे पाय, नुसती सिरॅमिक म्हनजे खापर. काट्याले अडवते, पन ताठ, कोनाले चिकटत नाही. नुसता पॉलिमर म्हनजे मळलेली कनिक. चिकटते, पन काटा आरपार. दोघायचं लगन लावा लागते." हे लग्न म्हणजेच हायब्रीड इलेक्ट्रोलाइट. सिरॅमिकची पूड आणि पॉलिमर सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात कालवायचे, काचेवर पसरायचे, ओवनमध्ये वाळवायचे. तयार होतो त्याला पुस्तकात मेंब्रेन म्हणतात. आमच्या लॅबमध्ये पापड.

शेकडो पापड वाया गेले. आणि मी येण्याआधी, थंडी सरता सरता, एक पापड जमला. शर्टाच्या बटणाएवढा त्याचा सेल उन्हाळाभर चालला, काटा म्हणून फुटला नाही. पण तसा दुसरा काही होईना. तपासणीला आलेल्या समितीने सरळ सांगितलं की एकदा झालं ते नशीब, दुसऱ्यांदा झालं तर काम. दिवाळीपर्यंत पुन्हा करून दाखवा, नाहीतर प्रोजेक्ट बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे पायलदीदीची फेलोशिप बंद, आणि तिच्या घरचे तर स्थळं पाहून तयारच बसलेले.

"होनार म्हनजे होनार," सर म्हणाले, आणि त्यांनी चौकशी सुरू केली. त्या दिवशी कोणी काय केलं? पूड कोणत्या बाटलीतली? फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारलं, पोछा कशाने मारला? मलाही विचारलं, "तू कुठं होता त्या दिवशी?"

"सर, मी तेव्हा इथं नव्हतोच. बी.एस्सी.ले होतो."

"तरी पन."

पायलदीदीने त्या दिवशी निळं स्वेटर घातलं होतं, हे त्यांना आठवलं. भर जूनमध्ये तिला ते घालून पापड पसरायला लावले. "सर, मी उकडून राह्यली." "घाम आला का बाहेर जाय, स्वेटर काढू नोको." आणि पापड बिघडला की एकच निदान, ओल राहिली. अजून वाळवा. शेवटी पापड असे कडक झाले की चिमट्यात धरताच मोडायचे.

सरांच्या घरी तेव्हा कोणी नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी ऋचा पुण्याला नोकरीला गेलेली. ती गेली त्या दिवशी सरांनी तिला सांगितलं होतं, "ऑटोनं जाय, मले सेल टेस्टले लावाचा आहे." तेव्हापासून तिचे फोन आखूड झाले, असं पायलदीदी सांगायची.

शेवटी त्या चांगल्या पापडाचा उरलेला तुकडा आणि काही बिघडलेले पापड बाहेरच्या मोठ्या लॅबकडे पाठवला. रिपोर्ट आला. दीदीने मोठ्याने वाचला. बिघडलेले पापड ठणठणीत कोरडे होते. चांगल्या पापडात थोडं सॉल्व्हंट राहून गेलं होतं आणि त्यामुळेच कणांना वाट मिळत होती.

दीदीने ओवनकडे पाहिलं. ओवनची किल्ली फक्त सरांकडे असते.

"सर," दीदी हळूच म्हणाली, "रातभर वाळवाचा होता ना तो?"

"मी दुपारीच काढला." सर चष्मा पुसत बसले. "स्टेशनवर जाचं होतं. ऋचाची गाडी होती."

"तुम्ही तं गेलेच नव्हते म्हने."

"गेलो. दूरच उभा राह्यलो. नाही येत म्हनलं होतं, मंग समोर कसा जाऊ?"

"मंग आमाले सांगतलं कावून नाही?"

"कमी वाळवल्यानं चांगला होईन, हे माह्या डोक्यात कसं येईन? मी तं तो बिघडलाच समजून लावला होता."

दीदी हसत सुटली. मग मीही हसलो. सरांनी आधी आम्हाला रागावून पाहिलं, मग म्हणाले, "चला, कालवा लवकर. स्वेटर नोको घालू."

अर्धवट वाळलेल्या पापडाचा पहिला सेल चालला. दुसरा चालला, तिसराही. दिवाळीच्या आधी समिती येऊन पाहून गेली आणि प्रोजेक्टला मुदत मिळाली. दीदीने घरी स्थळांचा विषय काढू दिला नाही.

त्यानंतर एका दुपारी सर पेटीत कोपरापर्यंत हात घालून सेल बांधत होते. टेबलावर त्यांचा फोन वाजला. "उतई, उचल. स्पीकरवर टाक." ऋचाताई होती. तिला सगळी बातमी पायलदीदीकडून कळली होती.

"बाबा, जमलं म्हने?"

"जमलं."

"एवढ्या वर्षांनं एकदम कसं?"

सरांनी चिमटा खाली ठेवला. आमच्याकडे पाहिलं नाही. "लाईट गेली होती तवा. ओवन बंद पडला. नशीब."



"लाईट नव्हती गेली, बाबा. तुम्ही दुर्ग स्टेशनवर पुस्तकाच्या स्टॉलमागं उभे होते. गाडी हलली तवा तुम्ही हात वर केला. मी दारातच होती, मी बी केला. पन तवर तुम्ही पाठ फिरवली होती."