एकाचे दहा

माईंची तक्रार साधी होती. माणूस वाजवत असेल तर आवाज यावा, आणि आवाज येत नसेल तर हाक मारल्यावर त्याने ओ द्यावी. चिरंजीव दोन्ही करत नव्हते. कानांवर दोन वाट्या उपड्या घालून दिवसभर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या बडवत, आणि खोलीत नुसती टकटक. या सोहळ्यासाठी माईंचं शिलाई मशीन खिडकीतून उठून जिन्याखाली गेलं होतं.

"चांगली नोकरी सोडलीस ती या मुक्या पेटीसाठी?"

"मुकी नाही माई, मिडी म्हणतात याला. पट्टी दाबली की ही वायरीतून कॉम्प्युटरला नुसता निरोप देते. कुठली पट्टी, किती जोरात. आवाज तो काढतो."

"म्हणजे तुझ्या वडिलांसारखी. स्वतः काडी हलवायची नाही, नुसते निरोप."

तरी आळीत 'आमचा मुलगा नाटकाला संगीत देतो' हे माईंनीच चार घरी सांगितलं होतं. नाटक खरं होतं. आज चार वाजेपर्यंत नाटकवाल्याला एक अंगाई पाठवायची होती. पहिलंच काम. ते हुकलं तर चिरंजीव उद्या जुन्या साहेबांपुढे जाऊन उभे राहणार, असं ठरलेलं.

दुपारी दोनला त्याने बायकोला, म्हणजे माईंच्या सुनेला, ऐकवायला म्हणून कानांवरच्या वाट्या काढून स्पीकर लावले आणि अंगाईची पहिली पट्टी दाबली.

धप्प.

दुसरी पट्टी. झांज. तिसरीला जिन्यावरून पातेलं गडगडत आल्यासारखं झालं.

"बाळ झोपायचं नाही, घर सोडून जाईल," दारातून सून म्हणाली.

त्याने वायर बदलली. धप्प. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. झांज. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "कॉम्प्युटरमधलं सगळं काढा आणि परत टाका." याने सगळं काढलं. त्यात केलेली निम्मी अंगाईही निघाली. परत टाकेस्तोवर सव्वातीन. पट्टी दाबली, पातेलं गडगडलं. पुन्हा फोन. "मग पेटीच गेली असेल," दुकानदार म्हणाला आणि जेवायला बसला.

चिरंजीवांनी पेटीचं खोकं पुढे ओढलं.

"माई, मशीन परत खिडकीत आणून देतो. उद्यापासून ऑफिस."

खरं तर माईंनी पदर खोचून आधी खिडकी पुसायला घ्यायची. पण त्या तिथेच उभ्या. माईंच्या घरात धुळीला आणि पाहुण्याला दोन दिवसांवर मुक्काम नव्हता. आज दुपारी तो जेवायला उठला तेव्हा त्यांनी ओल्या फडक्याने ही पेटी खसखसून पुसली होती, बटणांसकट. पुसता पुसता पेटीच्या इवल्याशा खिडकीतला एकाचा आकडा दहा झाला. माईंची शाळा दुसरीत संपली, पण एकाचे दहा झाले तर त्याला बरकत म्हणतात, एवढं कळायला दुसरी पुष्कळ झाली. त्या समाधानाने स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

"पेटीच्या त्या खिडकीत काल एक होता," माई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आज दहा आहे."

चिरंजीव वाकले. बिघाड कॉम्प्युटरातच आहे हे त्यांनी आधीच ठरवल्यामुळे तिकडे बघितलंच नव्हतं.

"निरोप दहा नंबरच्या वाटेने गेला की सगळे सूर ड्रमचे होतात. हा आकडा बदलला कुणी?"

"धुळीने."

सून तोंडावर हात ठेवून आत पळाली.

दहाचा एक झाला आणि पेटी शहाण्यासारखी गाऊ लागली. अख्खी अंगाई त्याने पहिल्यापासून एका बैठकीत वाजवली आणि चारला दोन मिनिटं असताना पाठवली.

सव्वाचारला नाटकवाल्याचा फोन आला. चिरंजीवांनी "हो, हो" म्हणत ऐकलं आणि फोन ठेवून माईंकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले.

"अंगाई आवडली. पण त्याआधी बाळ झोपत नाही आणि सासूबाई रागाने भांडी आपटतात असा प्रवेश आहे. त्याचा आवाज हवाय, आजच." त्याने ओलं फडकं दोन्ही हातांनी पुढे केलं. "माई, एकदा मघासारखं पुसून दाखवा ना."

माईंनी सावकाश पदर खोचला, फडकं घेतलं आणि आकडा दहावर येईपर्यंत बटण दाबलं.

"लक्षात ठेव," त्या म्हणाल्या, "घरात एकाचे दहा मी केले. दहाचा परत एक करायची अक्कल तुझी."