रेवणकाकांची लग्नभिंत

रेवणकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात. माणसं नंतर. चपला काढायच्या, भिंतीवर उजव्या हाताची थाप मारायची, कान लावायचा आणि मग घरमालकाकडे वळून निकाल सांगायचा. आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मी नवा कोरा झब्बा घालून स्वागताला उभा होतो. काका मला ओलांडून थेट भिंतीपाशी गेले. थाप मारली, ऐकलं आणि म्हणाले, "मल्लू, फशिवलं की रं तुला. आत निस्ता भुसा हाय!" पन्नास पाहुण्यांसमोर. त्यात बिल्डरही होता.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. लग्न केलं नाही. शाळा चौथीपर्यंत. चित्रकला कुणी शिकवली, असं विचारलं तर म्हणायचे, "गावात येत कुणाला हुती शिकवाय?"

आमच्याकडे लग्न निघालं की घराची दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी करून तिच्यावर चित्रं काढायची पद्धत. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, वर पोपट, बाजूला केळीचे खांब आणि मधोमध नवरा-नवरीची नावं. रस्त्यानं जाणाऱ्याला मग पत्रिका लागत नाही. भिंत दिसली की या घरात कार्य आहे, आत जाऊन पाणी प्यावं आणि दोन शब्द चांगले बोलावेत, एवढं त्याला कळतं. अक्कलकोट रस्त्याच्या दहा-बारा गावांतल्या अशा भिंती चाळीस वर्षं काकांनीच रंगवल्या. त्यांचा हत्ती निळा, गुबगुबीत आणि लांबलचक पापण्यांचा. मी लहान असताना सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत सर्कशीचा खरा हत्ती आम्ही दोघांनी मिळून पाहिला. काकांनी तो खालून वरपर्यंत न्याहाळला आणि मला म्हणाले, "ह्येचं कान चुकल्यात."

जे पटत नाही ते सगळं त्यांच्या लेखी 'कॅलेंडर'. प्रदर्शनातली चित्रं कॅलेंडर, टीव्हीवरचे पुढारी कॅलेंडर. माझ्या होणाऱ्या जावयाचा सुटाबुटातला फोटो मी मोठ्या कौतुकानं त्यांना दाखवला. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "चांगलं हाय की. कंच्या म्हैन्याचं?"

मग गावोगावी फ्लेक्स आले आणि काकांना बोलावणी येईनात. त्यांनी रडगाणं गायलं नाही, शिव्या मात्र पोटभर दिल्या. "नवरी, वाढदिवसाचा गुंड आन् मेल्यालं म्हातारं, तिगं बी एकाच खांबाला बांधत्यात. वारं सुटलं की तिगं बी फडफडत्यात!"

माझ्या मुलीचं, श्रुतीचं लग्न ठरल्याचं काकांना कळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते हजर. एका हातात चुन्याची पिशवी, दुसऱ्यात रंगांचे डबे.

"मल्लू, तुज्या दाराभायेरची भिंत दे. येवडी एकच. परत कुणाला मागायचो न्हाय."

घरात थीम ठरली होती. डेकोरेटर ठरला होता. दाराबाहेर निळे हत्ती बघून व्याही काय म्हणतील, याची मला धास्ती.

"काका, सोसायटी परवानगी देत नाही हो."

"इचारलंस?"

"विचारलं की."

"कुणाला?"

"सेक्रेटरीला."

"काय म्हनला?"

"म्हणाला, नियम म्हणजे नियम."

काकांनी चहा बशीत ओतून शांतपणे संपवला. मी त्यांची पिशवी घेऊन सोडायला खाली उतरलो. लिफ्टच्या बाजूला आमच्या सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांचा बोर्ड आहे. चौथी शिकलेला माणूस दिसेल ते अक्षर वाचतो. काकांनी बोट ठेवून अध्यक्ष वाचले, खजिनदार वाचले, मग सेक्रेटरी वाचला. तो मी आहे.

"लई कडक सेक्रेटरी हाय," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

पत्रिका द्यायला मी स्वतः जायला हवं होतं. गावाकडच्या एकाच्या हाती पाठवून दिली.

लग्न झकास झालं. कार्यालयाच्या दारात डेकोरेटरनं भलाथोरला फ्लेक्स लावला होता आणि त्यावर इंटरनेटवरून काढलेले हत्ती होते. लोककलेची थीम म्हणे! व्याही त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. काका आले नाहीत. बायकोनं दोनदा विचारलं. "वय झालं त्यांचं," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

आठ दिवसांनी बुंदीचा डबा घेऊन काकांच्या गावी गेलो. गल्लीत वळलो आणि पाय जागीच थांबले. त्यांच्या दोन खोल्यांच्या घराची भिंत पांढरीफेक होती. दाराच्या दोन्ही बाजूंना निळे हत्ती, वर पोपट, मधोमध 'चि. सौ. कां. श्रुती' आणि शेजारी जरा बारीक अक्षरात जावयाचं नाव. दारावर आंब्याच्या पानांचं वाळलेलं तोरण. भिंतीच्या पायथ्याशी हळदीनं पिवळे झालेले जोंधळे सांडले होते.

कट्ट्यावर शेजारची एक बाई बसली होती. मला पाहून लगबगीनं उठली. "बर्री, बर्री, या की! उशीर केला की वं पावणं. कार्य होऊन आट दिस झालं."

"इथं झालं कार्य?"

"मग! समदी गल्ली जेवली. आमी बायांनी गव्हाची ग्वाड हुग्गी केली. म्हाताऱ्याच्या दारात जन्मात पयलंच कार्य न्हवं का."

"आणि नवरी?"

"ती शेरात. म्हातारा म्हनला, पोरगी लई शिकल्याली हाय, तिला येळ न्हाय. मग आमी हिच्यावरच टाकल्या की अक्षता." तिनं भिंतीकडे हात केला. "रडला वं म्हातारा, अक्षता टाकताना."

तेवढ्यात काका आतून आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं. बाईनं विचारलं, "रेवणअप्पा, ह्ये पावणं कोण म्हनायचं?"

मुलीचा बाप म्हटलं असतं, तर त्या गल्लीनं मला काय काय ऐकवलं असतं ते मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं.

"नवरीकडचं हायेत," काका म्हणाले. "लांबनं आल्यात. वाढ त्यास्नी."

मग कट्ट्यावरचं पोतं झटकून त्यांनी माझ्यासाठी अंथरलं.

"बसा," मला म्हणाले.

पंचावन्न वर्षांत काकांनी मला अरे-तुरेशिवाय हाक मारली नव्हती. मी बसलो.