मौज किती टक्के?

फॉर्म खरा भरायचा, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं काही चुकलं असेल तर सांगा.

झालं असं, की आमची एक बोट आहे. बोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही आलं असेल ते आधी पुसून टाका. तीन मालकांनी वापरून सोडलेली, सतरा फुटांची. केबिनमध्ये उभं राहिलं तर डोकं आपटतं आणि आडवं झालं तर पाय बाहेर राहतात. पण तिला एक इंजिन आहे, एक शेगडी आहे आणि दोन्ही एकाच टाकीतलं डिझेल पितात. (हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

आजवर बोटीच्या डिझेलवर कर नव्हता. यंदा नियम बदलला. मासेमारीवाल्यांना सवलत तशीच राहिली, पण आमच्यासारख्या हौशी लोकांनी मौजेसाठी जाळलेल्या डिझेलवर पूर्ण कर बसला. घरगुती वापराचं, म्हणजे शेगडीचं वगैरे, माफ. आता मौज किती आणि घरगुती किती, हे ज्याचं त्याने फॉर्मवर टक्क्यांत लिहून द्यायचं.

"साठ-चाळीस लिहा साहेब," धक्क्यावरचा पंपवाला म्हणाला. "सगळे तेच लिहितात."

"पण साठ कशावरून?"

"मागे रांग आहे साहेब, त्यावरून."

मी बावीस वर्षं आवक-जावक विभागात कारकून आहे. माझ्या हातून कधी खोटा आकडा गेलेला नाही. (बढतीही आलेली नाही, पण तो विषय वेगळा.) त्यात मला कुतूहलाची खोड. मिक्सरमध्ये एवढा आवाज नेमका येतो कुठून, हे बघायला मी एकदा तो उघडला. तेव्हापासून आमच्याकडे मिक्सर नाही. तेव्हा मौज म्हणजे नक्की काय, ती सुरू कधी होते आणि संपते कधी, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरल्यावर मी साठ-चाळीसवर कसला गप्प बसतोय! फॉर्म तसाच खिशात घालून घरी आलो.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थोडक्यात, डिझेल महागलं."

"फक्त मौजेपुरतं."

"मग विकून टाका ती बोट. आई दोन वर्षं हॉलमध्ये सोफ्यावर झोपतेय. त्या पैशात बाल्कनी बंद करून तिला खोली तरी होईल."

"माझ्यावरून भांडू नका गं," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "सोफा छान आहे. मधली स्प्रिंग तेवढी बरगडीत घुसते."

बोट विकायची? माझी बोट? मी गयावया केली आणि शेवटी तह झाला. महिनाभर मौज मोजायची. सगळ्यांना मौज वाटते असं निघालं, तर कर भरू आणि बोट ठेवू. नाही निघालं, तर बोट विकू.

"आणि मोजणार कोण?" बायकोने विचारलं.

"मीच की!"

"देवा," ती म्हणाली.

पुढचे चार रविवार मी वही घेऊन बोटीवर होतो. दर दहा मिनिटांनी नोंद.

"आत्ता मौज वाटतेय का?"

"आत्ता मी कांदा चिरतेय."

"बरं. आणि आता?"

"आता जरा कुठे वारा लागून बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात तुम्ही विचारलंत."

मी लिहिलं: अकरा वीस. जरा बरं. टिकलं नाही.

सासूबाईंना विचारायला गेलो, तर त्या डोळे मिटून बसलेल्या. "जावईबापू, मळमळ थांबली की सांगते हं," असं म्हणाल्या, ते चौथ्या रविवारपर्यंत सांगतच होत्या.

महिन्याची बेरीज आली शून्य. मी तीनदा करून पाहिली. कराचं जाऊ द्या हो, पण मला फार वाईट वाटलं. नऊ वर्षं मी पुढे सुकाणू धरून बसायचो आणि मागे सगळे खूश आहेत असं समजायचो. एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. (वळलो असतो तर धक्क्यावर आपटलो असतो, ही गोष्ट खरी.) फॉर्मवर लिहिलं, मौज शून्य, घरगुती शंभर. पंपावर देऊन आलो आणि बोट विकण्याची जाहिरातही खरडून ठेवली. ती छापायला द्यायला मात्र काही केल्या पाय उचलेना.

तेवढ्यात करखात्याचा इन्स्पेक्टर दारात उभा. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट, काखेत फाइल.

"शून्य टक्के मौज लिहिणारे अख्ख्या यादीत तुम्ही एकटेच," तो म्हणाला. "मला बघायचंय. रविवारी बोटीवर येतो. तुम्ही अगदी नेहमीसारखं वागा."

नेहमीसारखं वागा म्हटल्यावर कोणता माणूस नेहमीसारखा वागलाय? शंभर टक्के घरगुती लिहिलंय, तर ते दिसायला नको? मी सकाळी सहालाच शेगडी पेटवली. आधी चहा केला, मग अंडी उकडली, मग बटाटे, मग पुन्हा बटाटे. साहेब आले तेव्हा मी टॉवेल उकळत होतो.

"एवढे बटाटे?" त्यांनी विचारलं.

"घरगुती," मी म्हणालो.

नदीच्या मध्यावर पोचलो आणि इंजिनाने दोन उचक्या देऊन मान टाकली. मी टाकीत पट्टी घालून बघितली. कोरडी ठणठणीत! सगळं डिझेल बटाट्यांत गेलं होतं.

"काळजी नको," मी म्हणालो आणि टपावरचा लांब बांबू काढला. बोटीच्या टोकावर उभं राहून तो तळाशी रोवला आणि अंगातला सगळा जोर लावला. बोट सुळकन पुढे गेली. बांबू मात्र चिखलात रुतला तो रुतला. दोन्हींपैकी काय सोडायचं याचा विचार करायला मला जरा वेळ लागला. विचार संपला तेव्हा मी बांबूवर होतो आणि बोट दहा फूट पुढे.

बोटीतून तीन तोंडं माझ्याकडे वळली. आणि शपथेवर सांगतो, मी मुद्दाम नाही केलं. महिन्याभराची सवय हो! माझ्या तोंडून आपोआप निघालं,

"आत्ता मौज वाटतेय का?"

बांबू हळूहळू कलायला लागला.

"किती टक्के?" एवढं विचारलं आणि मी पाण्यात गेलो.

वर आलो तेव्हा बायको हसत होती. नुसती हसत नव्हती, पोट धरून केबिनच्या दाराला टेकली होती. लग्नानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. सासूबाई "अगं बाई, अगं बाई" करत मांडीवर थापा मारत होत्या, मळमळीचं नाव नाही. साहेब टायने डोळे पुसत होते. पाणी छातीइतकंच होतं. मी उभा राहिलो आणि बोट ढकलत ढकलत धक्क्याला आणली. तोवर तिघांनी मीठ लावून बटाटे संपवले.

धक्क्यावर साहेब पुन्हा साहेब झाले. "मौज झाली. मी स्वतः साक्षीदार आहे. शून्य कसं मान्य करू?"

माझ्या कपड्यांतून पाणी निथळत होतं, पण आतला कारकून जागा होता. "साहेब, त्या वेळी इंजिन बंद होतं. शेगडी बंद होती. एक थेंब डिझेल जळत नव्हतं. मौजेसाठी डिझेल वापरलं किती?"

साहेबांनी फाइल मिटून पुन्हा काखेत धरली. "वर विचारावं लागेल," ते म्हणाले.

घरी आल्यावर बायकोने जाहिरात मागून घेतली आणि टराटरा फाडली. "बोट राहू दे. पण पुढच्या रविवारी डिझेल कमीच घाला," म्हणाली आणि पुन्हा फिस्सकन हसली. केबिनमधली गादी त्याच संध्याकाळी सासूबाईंच्या सोफ्यावर आली. मी इतका खूश होतो, की केबिनमध्ये आता माझी पाठ नुसत्या फळीवर पडणार, याचंही मला काही वाटलं नाही.

दहा दिवसांनी करखात्याचं पत्र आलं. बायकोने ते मोठ्याने वाचलं:

"पाहणीअंती मौज झाल्याचे सिद्ध झाले आहे. तथापि ती इंधनामुळे नसून बोटमालकामुळे झाली असल्याने इंधनावरील कर माफ करण्यात येत आहे. पुढील कार्यवाहीसाठी प्रकरण करमणूक-कर शाखेकडे पाठवले आहे."

सोबत नवा फॉर्म होता. पहिलाच प्रश्न: खेळ किती दिवसांपासून सुरू आहे व मध्यंतर किती वेळाचे असते?

मी पेन काढलं.

"द्या इकडे, हा मी भरते," बायको म्हणाली आणि क्षणभरही विचार न करता तिने लिहिलं: लग्नापासून. मध्यंतर नाही.