‘ह’ आणि ‘क्ष’च्या मधला चोर

“वरवर पाहता मी चष्म्याच्या काचा घासणारा एक कारागीर आहे. परंतु अंतर्यामी मी गुप्तहेर! माझ्या दृष्टीतून मुंगीसुद्धा निसटत नाही. आणि निसटलीच, तर ती मुंगी नव्हे!”

वीस वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज मावशीच्या कानात अजून घुमतो. काका तिला बघायला आले, त्या पहिल्याच भेटीत तिनं विचारलं होतं, “केळं खाणार का?” समोरून उत्तर आलं, “ते पीतवर्णी फल? अवश्य!” माणूस संस्कृतचा पंडित दिसतोय, असं समजून तिनं होकार देऊन टाकला. तेव्हापासून ती चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते आणि गुप्तहेराची मदतनीस म्हणून नोंदवही लिहिते. नोंद पहिली: हरवलेली छत्री. संशयित चार. सापडली गुप्तहेराच्याच बगलेत. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण जणू त्यांच्यासाठीच जन्मली. पण त्यांच्या तोंडून ती कधी कुणी ऐकली नाही.

त्या दिवशी मावशीची धाकटी बहीण दुकानात शिरली ती तणतणतच. ती दवाखान्यात एक्स-रे काढते, म्हणून तिची पाच वर्षांची ठकी दुपारभर दुकानात असते. एका हातात ठकी, दुसऱ्या हातात बोलतं पुस्तक. चित्राला बोट लावलं की कविता म्हणणारं, सेलवर चालणारं, डब्यावर ‘मूल आपोआप वाचू लागेल’ असं छापलेलं.

“भावोजी, हे घेऊन फसले मी! ठके, बालवाडीत म्हटलीस ती कविता म्हणून दाखव.”

ठकीनं हात मागे बांधले.

“काला कावला, गोरा बगला,
तल्याकाठी जमला मेला सगला!”

“बाई दचकून विचारतात, कोण मेला गं? ही म्हणते, सगला! पोरं लोळली हसून.” बहिणीनं पुस्तक काउंटरवर आपटलं. “उद्यापासून हिचं इथं येणं बंद. दुपारी उच्चारांच्या शिकवणीला घालते. तिथल्या बाई म्हणतात, याहून मोठं, बोलक्या पडद्याचं खेळणं घ्या.”

ठकीनं काकांचा सदरा मुठीत धरला.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं. “हं. अक्षरचोरी! वर्णमालेतून एक अक्षर चोरीस गेलं आहे.”

“कोणतं?” मावशीनं पेन सरसावलं.

“ह आणि क्ष यांच्या मधला रहिवासी.”

“म्हणजे ळ?”

“तोच तो.” काकांनी पुस्तक उलटं केलं. “सेल उतरले आहेत. सेल उतरले की यंत्राची जीभ जड होते. जड जीभ मागे... मागे जात नाही.”

“सेल कालच घातलेत,” बहीण म्हणाली.

“मग दात! ठकीचा पुढचा दात पडला आहे. त्या खिंडीतून अक्षर पसार झालं.”

“दात परवा पडला, भावोजी. हे ‘मेला सगला’ महिनाभर चाललंय.”

“तर मग हे परदेशी कारस्थान आहे! ज्यांच्या भाषेत हे अक्षरच नाही, त्यांनी सूड उगवला!”

मावशी लिहीत होती, पण तिची नजर काकांच्या कानांवर होती. ते लालबुंद झाले होते. आजवरच्या प्रकरणांत ही एकच चोरी अशी होती, जिचा चोर सापडू नये असं खुद्द गुप्तहेरालाच वाटत होतं.

कारण दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र सुरू व्हायचं, आणि घासायला चाकावर काच मात्र नसायची. त्या घरघरीच्या आडोशाला काका ठकीला मांडीवर घेऊन कविता वाचायचे. एरवी सात कुलपांत ठेवलेलं ते अक्षर तिथं वाकडंतिकडं, जसं येईल तसं, अंगण मिळालेल्या पाखरासारखं बागडायचं. मावशीला ते ऐकू यायचं. ‘पीतवर्णी फल’ हे काही पांडित्य नव्हे, हे तर तिला लग्नानंतर आठवड्यातच कळलं होतं. चाकाला बोट लागलं आणि पंडित ओरडले होते, “जललं मेलं!” वीस वर्षांत नोंदवहीत तिनं हे कधी लिहिलं नाही.

“इतके तर्क कशाला?” बहीण म्हणाली. “ऐकूनच बघू की!” आणि तिनं कावळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं.

“काळा कावळा, गोरा बगळा,” पुस्तक खणखणीत बोललं, “तळ्याकाठी जमला मेळा सगळा!”

मग ठकी म्हणाली, “चूक बोलतं ते.”

“चूक?”

“रोजच चुकतं. म्हणून मी त्याचं बटण बंद करते आणि काका वाचतात. काका बरोबर वाचतात. आणि मी थांबा म्हटलं की थांबतात. ह्याला विचारलं ना, बगला कुठे झोपतो, तर हे पुन्हा कविताच म्हणतं.”

“काका काय सांगतात?”

“एका पायावर. करूनपण दाखवतात.”

बहिणीनं सावकाश मान वळवली. “भावोजी, एकदा म्हणा बरं. कावळा.”

“तो... कृष्णवर्णी पक्षी...”

“कावळा.”

काकांनी मावशीकडे पाहिलं. तिनं वही मिटली आणि पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी सदऱ्याला धरलेल्या त्या मुठीकडे पाहिलं. भिंग खिशात ठेवलं.

“पोरीचा दोष नाही,” ते हळूच म्हणाले. “तिला नको, शिकवणीला मला घाल. लहानपणापासून... मला ल येत नाही.”

“ल? ल तर छान येतो की तुम्हाला!”

“तो नव्हे गं,” काका म्हणाले. “दुसरा ल.”