जयवंताची कोरडी रात्र

“मले फक्त एक रात्र झोपू द्या. एकच!” प्रमोदिनीनं पुस्तक मिटलं आणि नवऱ्यापुढे, गोपाळरावांपुढे, चक्क हात जोडले. सोमवार होता. गुरुवारी सकाळी साडेसातला तिचा बी.ए.चा पहिला पेपर होता. शाळेत ती हंगामी शिक्षिका होती आणि यंदा बी.ए. झाली तरच कायम होणार होती. नाहीतर तिच्या जागेवर बसायला मुख्याध्यापिकेची भाची तयारच होती.

तिच्या झोपेचा वैरी पाळण्यात होता. नाव जयवंता, वय आठ महिने. ती रात्री अकराला, एकला आणि पहाटे चारला न चुकता ओली व्हायची, आणि ओली झाली की असं भोकाड पसरायची की गल्लीतली कुत्रीही गप्प व्हायची. मग लंगोट बदला, दुपटं बदला, गोधडी बदला, पुन्हा थोपटा. आठ महिन्यांत प्रमोदिनीला सलग तीन तास झोप मिळाली नव्हती. एकच ओळ चार-चारदा वाचूनही डोक्यात शिरत नव्हती.

गोपाळराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कालव्यातून पाणी किती झिरपतं हे मोजण्यात त्यांची दहा वर्षं गेलेली. एवढ्याशा पोरीचं पाणी आपल्याला अडवता येऊ नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली. “बुधवारी तू रातभर झोपशीन,” ते म्हणाले. “माहा शब्द हाय.”

मंगळवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि सायकल बर्डीच्या बाजाराकडे दामटली.

“लंगोट पाहिजे. एकदा वापरला का फेकून द्यायचा. पण रातभर गळला नाही पाहिजे.”

“इकत घ्यायचा अन् फेकून द्यायचा?” दुकानदारानं त्यांना खालीवर न्याहाळलं. “साहेब, घरी सारं बरं हाय ना?”

चौथ्या दुकानात कागदात गुंडाळलेल्या कापसाचं काहीतरी मिळालं. नंतर सदर भागातल्या एका औषधवाल्यानं विलायतेहून आलेल्या पुड्यातले चार लंगोट सुटे काढून दिले, तेही उपकार केल्यासारखे. घरी आल्यावर गोपाळरावांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. थोड्या वेळानं त्यांच्या आई पार्वतीबाई आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

“गोपाळ, लवकीले लंगोट काहून बांधून राहिला गा?”

“तपासून राहिलो, आई.”

“तपास बाप्पा. पण ते लवकी संध्याकाळच्या भाजीची हाय.”

बर्डीचा लंगोट पाच मिनिटांत विरघळला. विलायती लंगोटानं दुधाच्या बाटलीभर पाणी मुकाट्यानं पोटात घेतलं, पण दुसरी बाटली ओतताच तो दोन्ही बाजूंनी गळू लागला. ही गळती गोपाळरावांच्या ओळखीची होती. त्यांनी दुसऱ्या लंगोटाला मांड्यांच्या जागी कापसाच्या जाड वळकट्या लावल्या, वरून मेणकापडाची पट्टी शिवली आणि तीन बाटल्या ओतल्या. दुधी भोपळा कोरडा राहिला. त्या संध्याकाळी पार्वतीबाईंनी पिठलं केलं.

बुधवारी रात्री उरलेल्या दोन लंगोटांतला एक तशाच पट्ट्या लावून जयवंताला बांधला. मे महिना, त्यात मेणकापड, म्हणून पार्वतीबाई कुरकुरल्या. शेवटी पाळणा कूलरपाशी सरकवल्यावर त्या गप्प झाल्या.

“गजर लावू काय?” प्रमोदिनीनं विचारलं.

“गजरानं पोरगी उठंल. मी जागाच राहीन.”

अकराला त्यांनी श्वास रोखून पाळण्यात हात घातला. कोरडं! एकला घातला. कोरडं! गोधडीसुद्धा कोरडी. प्रमोदिनी कुशीवर वळून गाढ झोपली होती. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला पाहून गोपाळरावांना भरून आलं. दोन मिनिटं पाठ टेकावी म्हणून ते आडवे झाले.

दार धडधडलं तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती.

“ओव्हरसियर साहेब!” बाहेर शेजारचे, गिरणीत कामाला असलेले बाबाराव होते. “पोरगी बरी हाय ना? रडली काहून नाही?”

“रातभर कोरडी हाय!” गोपाळराव आनंदानं म्हणाले.

“कोरडी? अन् माही सकाळची ड्युटी गेली न!”

तेव्हा कुठे गोपाळरावांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सात वाजायला दहा मिनिटं कमी होती. गेले आठ महिने सारी गल्ली जयवंताच्या चारच्या रडण्यावर उठत होती, हे त्यांना आत्ता समजलं. कोणीच उठलं नव्हतं. नळ येऊन गेला होता आणि कोणाच्याही घरात पाण्याचा थेंब भरलेला नव्हता.

“अहो, माहा पेपर!” प्रमोदिनी ओरडली. तिनं कूलरच्या टाकीतलं पाणी तोंडावर मारलं, हातात येईल ते लुगडं गुंडाळलं आणि प्रवेशपत्र शोधताना तिला रडू फुटलं. गोपाळरावांनी सायकल काढली, पण तिला डबलसीट घेऊन सदरच्या पलीकडच्या परीक्षा केंद्रावर अर्ध्या तासात पोचणं शक्य नव्हतं.

“बसा लूनावर, वहिनी,” बाबाराव म्हणाले. “माही तं गेलीच. तुमची नको जायला.”

लूना फटफटत गेली आणि गोपाळराव पाळण्यापाशी बसून राहिले. तिचं वर्ष बुडालं तर ते आपणच बुडवलं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पार्वतीबाई येताजाता त्यांच्याकडे पाहून “कोरडी!” एवढंच म्हणत होत्या. जयवंता मात्र हसत होती.

अकराला प्रमोदिनी परतली.

“घंटा झाल्यावर पोचली,” ती म्हणाली. “मंग पेपर वाचला, तं पयल्याच वाचण्यात समजला! तीन तास मान वर नाही केली.” ती पाळण्याजवळ बसली. “परवा दुसरा पेपर हाय. तो उरलेला लंगोट मले उद्या रात्री पाहिजे. काही झालं तरी.”

पण संध्याकाळी अंगणात गल्ली जमली. बाबारावांचा पगार कापला जाणार होता, वरच्या मजल्यावरच्या अंजनाबाईंच्या खाणावळीचे डबे गेले नव्हते, आणि पाणी तर कोणाकडेच नव्हतं. पोरीला पहिल्यासारखं रडू द्या, असं सगळ्यांचं एकमुखी म्हणणं पडलं. प्रमोदिनी पाळण्याला पाठ लावून उभी राहिली. “उद्या रात्री लंगोट बांधीनच,” ती म्हणाली.

“पोरीचं काम यानं बंद पाडलं,” पार्वतीबाई मुलाकडे बोट दाखवून म्हणाल्या. “आता हे काम यानंच करावं.”

शनिवारी पहाटे चारला गोपाळराव गल्लीत उभे होते. आत मायलेकी गाढ झोपल्या होत्या. “उठा हो! चार वाजले!” असं सहा दारांवर थापा मारून ते जिन्याखाली आले आणि आणखी एकदा ओरडले. वरची खिडकी उघडली. अंजनाबाईंनी डोकं बाहेर काढलं.

“गोपाळराव, जरा जोरानं,” त्या म्हणाल्या. “पोरीचा आवाज वरपर्यंत येत होता.”